संगणक नेटवर्किंगचा प्रमाणित प्रशिक्षक

संगणक नेटवर्किंगचा प्रमाणित प्रशिक्षक म्हणजे संगणकांची जाळी उभारणे, जोडणे, सुरक्षित राखणे व दुरुस्त करणे या विषयांचे अध्यापन करण्यास एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने रीतसर मान्यता दिलेली व्यक्ती होय. ही मान्यता तंत्रज्ञान कंपनी, शासकीय प्रशिक्षण यंत्रणा किंवा शैक्षणिक नियामक संस्था यांपैकी कोणाकडूनही मिळू शकते. मान्यता देणारी संस्था बदलली की तिचा अर्थ, मुदत आणि उपयोगही बदलतो. प्रस्तुत लेखात या मान्यतेचे प्रमुख मार्ग, त्यासाठी लागणारी तयारी आणि वर्धा जिल्ह्यासारख्या महानगरापासून दूर असलेल्या भागात या मार्गांचे स्वरूप यांची माहिती दिली आहे.

तीन वेगळ्या पात्रता

या क्षेत्रात तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे व्यावसायिक प्रमाणपत्र. सीसीएनए ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला राउटर व स्विच यांची मांडणी करता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते. तिला ते शिकवता येते की नाही, याविषयी ते प्रमाणपत्र काहीही सांगत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षक मान्यता. ठरावीक अभ्यासक्रम ठरावीक पद्धतीने शिकवण्याचा आणि विद्यार्थ्यांचे मूल्यमापन नोंदवण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे अध्यापकपदाची अर्हता. महाविद्यालयात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेतनावर नेमणूक होण्यासाठी लागणारी ही पात्रता पदवी, पदविका व शासकीय नियम यांवर ठरते.

या तिन्ही पात्रता एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. कंपनीची प्रशिक्षक मान्यता असलेला मनुष्य केवळ तिच्या बळावर तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता होत नाही. त्याचप्रमाणे अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापकाला कंपनीचा अभ्यासक्रम अधिकृतपणे शिकवायचा असल्यास वेगळी मान्यता घ्यावी लागते. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधराने यांपैकी आपल्याला नेमकी कोणती पात्रता हवी आहे, हे ठरविल्याशिवाय शुल्क भरल्यास वेळ व पैसा दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने टीसीपी/आयपी ही संदेशवहनाची नियमावली स्वीकारली. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, ओएसआय ही सात स्तरांची प्रतिकृती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. आजही नेटवर्किंगचा कोणताही प्राथमिक अभ्यासक्रम या दोन आधारांवर उभा असतो. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने शिक्षण व संशोधन संस्था जोडण्यास आरंभ केला आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली.

जाळी वाढली, त्या वेगाने ती सांभाळणारी माणसे तयार झाली नाहीत. अमेरिकेतील शाळांसाठी जाळ्यांची आखणी करणारे सिस्को कंपनीचे अभियंता जॉर्ज वॉर्ड यांच्या हे लक्षात आले. शाळांना यंत्रे मिळत होती, पण ती बिघडल्यावर पाहणारे कोणी नव्हते. म्हणून शाळेतील शिक्षकांना व विद्यार्थ्यांनाच देखभाल शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून १९९७ मध्ये सिस्को नेटवर्किंग अकादमी हा कार्यक्रम आकारास आला. १९९८ मध्ये कंपनीने सीसीएनए ही प्रमाणन परीक्षा सुरू केली. अभ्यासक्रम एकच आणि तो शिकवणाऱ्या संस्था मात्र जगभर विखुरलेल्या, अशी स्थिती असल्याने शिक्षकांनाच आधी प्रशिक्षित करून मान्यता देण्याची व्यवस्था आवश्यक ठरली.

कारागिराला शिक्षक बनवण्याचा प्रश्न याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणी कारखान्यांत हजारो नवे कामगार थोड्या अवधीत तयार करावे लागले. तेथील अनुभवावर आधारित ग्रंथात चार्ल्स ॲलन यांनी १९१९ साली अध्यापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि परीक्षण. उत्तम कारागीर हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, त्याला शिकवण्याचे वेगळे शिक्षण द्यावे लागते, हे त्यामागचे सूत्र होते. आजच्या तांत्रिक प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांतही या पायऱ्या वेगवेगळ्या नावांनी आढळतात.

मान्यतेचे मार्ग

अकादमी प्रशिक्षक

सिस्को नेटवर्किंग अकादमीचा प्रशिक्षक होण्यासाठी व्यक्ती एखाद्या अकादमीशी संलग्न असावी लागते. अकादमी ही साधारणतः शाळा, महाविद्यालय, तंत्रनिकेतन किंवा सामाजिक संस्था असते. एकट्या व्यक्तीला घरी वर्ग काढून ही मान्यता मिळवता येत नाही. अकादमींना साहाय्य करणारी केंद्रे आणि प्रशिक्षकांना शिकवणारी केंद्रे अशी दोन प्रकारची केंद्रे या रचनेत असतात. काही प्राथमिक अभ्यासक्रमांसाठी स्वयंअध्ययन पुरेसे मानले जाते. सीसीएनएसारख्या अभ्यासक्रमांसाठी मात्र भावी प्रशिक्षकाला विद्यार्थ्याप्रमाणे सर्व प्रकरणे, प्रात्यक्षिके व चाचण्या पूर्ण कराव्या लागतात.

सीसीएनएचा अकादमी अभ्यासक्रम तीन भागांत विभागलेला आहे. पहिल्या भागात जाळ्यांची मूलतत्त्वे येतात. दुसऱ्या भागात स्विच, राउटर व बिनतारी जाळे, तर तिसऱ्या भागात मोठ्या संस्थांची जाळी, सुरक्षा व स्वयंचलन हे विषय शिकवले जातात. अकादमीतून अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व ठरलेले निकष गाठलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणन परीक्षेच्या शुल्कात सवलत मिळू शकते. त्यामुळे प्रशिक्षकाने केलेल्या मूल्यमापनाला विद्यार्थ्याच्या दृष्टीने थेट आर्थिक मोलही असते.

व्यावसायिक प्रशिक्षक

कंपन्यांच्या अधिकृत प्रशिक्षण भागीदार संस्थांत नोकरदार अभियंत्यांना शिकवणाऱ्यांचा वर्ग वेगळा आहे. सर्टिफाइड सिस्को सिस्टिम्स इन्स्ट्रक्टर ही त्यांची परंपरेने चालत आलेली पदवी असून, तिच्यासाठी भागीदार संस्थेचे पाठबळ, संबंधित तांत्रिक प्रमाणपत्र आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवणे, अशी त्रिविध कसोटी असते. ज्युनिपर व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांच्याही स्वतंत्र प्रशिक्षक मान्यता आहेत. कॉम्पटिया या संघटनेच्या सीटीटी+ या परीक्षेची रचनाही बोलकी होती. तिच्यात अध्यापनशास्त्रावरील एका परीक्षेबरोबर उमेदवाराने घेतलेल्या वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण तपासले जाई.

शिल्पनिदेशक

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आयटीआयमध्ये, शिकवणाऱ्यास महाराष्ट्रात शिल्पनिदेशक म्हणतात. कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे. निदेशकांना घडवणारी पहिली संस्था त्याआधीच, १९४८ मध्ये, स्थापन झाली होती. म्हणजे शिकणाऱ्यांच्या आधी शिकवणाऱ्यांची सोय पाहिली गेली. आज केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाच्या अखत्यारीत शिल्पनिदेशक प्रशिक्षण योजना राबवली जाते. तिचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून प्रवेश अखिल भारतीय सामाईक परीक्षेद्वारे होतो. संबंधित व्यवसायातील राष्ट्रीय प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी असलेले उमेदवार तिला बसू शकतात. मुंबईसह अनेक शहरांतील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये हे शिक्षण मिळते.

या अभ्यासक्रमाचे दोन प्रमुख भाग असतात: व्यवसायाचे तंत्र आणि प्रशिक्षण पद्धती. दुसऱ्या भागात पाठनियोजन, प्रात्यक्षिकाची आखणी, प्रश्नपत्रिका तयार करणे आणि प्रत्यक्ष सरावपाठ यांचा समावेश होतो. आयटीआयमधील ‘कोपा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकचालक व आज्ञावली साहाय्यक या एक वर्षाच्या व्यवसायात नेटवर्किंगचा प्राथमिक भाग असतो. माहिती व संदेशवहन प्रणालीच्या देखभालीशी संबंधित व्यवसायांत तो अधिक विस्ताराने येतो.

तंत्रनिकेतन व अभियांत्रिकी महाविद्यालय

पदविका व पदवी स्तरावरील अध्यापकांच्या अर्हता अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ठरवते. पदविका स्तरावर अभियांत्रिकीची पदवी आणि पदवी स्तरावर पदव्युत्तर पदवी ही मूळ अट आहे. सेवेतील अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी पश्चिम विभागाची राष्ट्रीय संस्था भोपाळ येथे १९६५ पासून कार्यरत असून महाराष्ट्र तिच्या क्षेत्रात येतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक अभियांत्रिकी पदविकेत डेटा संदेशवहन व संगणक जाळे हा विषय शिकवला जातो. म्हणून कंपनीची मान्यता घेतलेल्या अध्यापकाला मूळ अभ्यासक्रमाबरोबरच उद्योगात चालणारी प्रात्यक्षिके घेता येतात.

परीक्षेचे स्वरूप

सीसीएनएची २००-३०१ या क्रमांकाची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून अमलात आली. तिचा अवधी १२० मिनिटांचा आहे. गुणभार पुढीलप्रमाणे विभागलेला आहे: जाळ्यांची मूलतत्त्वे २० टक्के, जाळ्यातील प्रवेश २० टक्के, आयपी जोडणी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वे १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के. परीक्षा पीअरसन व्ह्यू या संस्थेच्या केंद्रांवर किंवा दूरस्थ निरीक्षणाखाली स्वतःच्या संगणकावर देता येते. मराठीतून ती होत नाही.

प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे असते. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन किंवा निरंतर शिक्षणाचे ठरलेले गुणांक मिळवून त्याचे नूतनीकरण करावे लागते. एकदा मिळालेली पदवी आयुष्यभर पुरते, या समजुतीत वाढलेल्या शिक्षकवर्गाला ही अट प्रथम जाचक वाटते. परंतु ज्या विषयाची साधने काही वर्षांतच बदलतात, त्या विषयाच्या शिक्षकाचे ज्ञान शिळे होऊ नये, हा तिचा हेतू आहे.

प्रशिक्षकाचे प्रत्यक्ष काम

नेटवर्किंगच्या वर्गात सर्वांत कठीण जाणारा भाग म्हणजे पत्त्यांचे विभाजन, अर्थात सबनेटिंग. उदाहरणार्थ, एका शाळेला १९२.१६८.१०.० हे २४ बिटांच्या उपसर्गाचे जाळे दिले आहे. त्यात २५६ पत्ते आहेत. कार्यालय, संगणक कक्ष, ग्रंथालय आणि वायफाय असे चार स्वतंत्र भाग करावयाचे असल्यास उपसर्ग २६ बिटांचा करावा लागतो. प्रत्येक भागाला ६४ पत्ते येतात. त्यांतील पहिला पत्ता त्या भागाची ओळख म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकाच वेळी संदेश पाठवण्यासाठी राखीव असतो. उरलेले ६२ पत्ते यंत्रांना देता येतात. दुसरा भाग ६४ पासून १२७ पर्यंत असतो, म्हणून त्यात ६४ किंवा १२७ हा पत्ता कोणत्याही संगणकाला देता येत नाही. या भागाच्या राउटरला बहुधा ६५ हा पत्ता दिला जातो.

हे गणित पाठ करून परीक्षेत गुण मिळवता येतात. ते समजले आहे की नाही, हे मात्र बिघाडाच्या वेळी कळते. म्हणून कुशल प्रशिक्षक चालू जाळ्यात हेतुपूर्वक दोष निर्माण करतो. समजा, एका संगणकावर राउटरचा पत्ता ६५ ऐवजी ६६ असा लिहिला आणि ६६ या पत्त्यावर राउटर नाही. त्या संगणकावरून कक्षातील इतर संगणक व तेथील छपाई यंत्र व्यवस्थित चालतात, पण इंटरनेट चालत नाही. घाईचा विद्यार्थी तार बदलतो आणि दोष तसाच राहतो. विचारपूर्वक काम करणारा विद्यार्थी क्रमाने तपासतो: प्रथम स्वतःचे यंत्र, मग शेजारचा संगणक, मग राउटर आणि शेवटी बाहेरचे जाळे. शेजारच्या संगणकाचे उत्तर येते, म्हणजे तार व स्विच ठीक आहेत, असा निष्कर्ष तो काढतो आणि त्याचे लक्ष राउटरच्या पत्त्यावर जाते. उत्तर न सांगता विद्यार्थ्याला या क्रमापर्यंत आणणे, हे प्रशिक्षकाचे खरे कौशल्य होय. स्वतः सहज दोष काढणारे अनेक तज्ज्ञ येथे कमी पडतात, कारण विद्यार्थी अडखळताच ते कळफलक आपल्या हाती घेतात.

हाताने करण्याच्या कामांनाही अभ्यासक्रमात स्थान असते. जाळ्याच्या तांब्याच्या केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पिळामुळे बाहेरील विद्युत व्यत्यय कमी होतो. म्हणून टोकाशी जोडणी करताना पीळ गरजेपुरताच सोडायचा असतो. प्रचलित बी पद्धतीत रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. अशा केबलची कमाल लांबी १०० मीटर मानतात. त्यापुढील अंतरासाठी मध्ये स्विच किंवा प्रकाशीय तंतू वापरावा लागतो.

पुरेसे राउटर विकत घेणे प्रत्येक संस्थेला परवडत नाही. ही अडचण पॅकेट ट्रेसर या आभासी प्रयोगशाळेने बरीच कमी केली आहे. अकादमीत नाव नोंदवणाऱ्यास हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात पडद्यावर जाळे उभारून संदेशाचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहता येतो. तथापि सैल झालेला जोड, धुळीने भरलेला पंखा किंवा सदोष अर्थिंग पडद्यावर अनुभवास येत नाही. यासाठी दोन-तीन खरी यंत्रे तरी प्रयोगशाळेत असणे इष्ट ठरते.

वर्धा जिल्ह्यातील स्थिती

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. जिल्ह्यात तंत्रशिक्षणाच्या सर्व पायऱ्या उपलब्ध आहेत. सेवाग्राम येथील बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. जमनालाल बजाज यांनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या शिक्षा मंडळाने २०१७ मध्ये वर्ध्यात बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे महाविद्यालय सुरू केले. आर्वी येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. याशिवाय जिल्ह्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक-साक्षरता गावोगावी पोहोचली. तो अभ्यासक्रम संगणक व इंटरनेट वापरण्याचा आहे, जाळे उभारण्याचा नाही, हा भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो.

शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या हस्तोद्योगकेंद्रित शिक्षणाच्या कल्पनेवर चर्चा झाली आणि तिचा आराखडा करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. नई तालीम या नावाने प्रसिद्ध झालेल्या या योजनेत सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योग ही प्रमुख तत्त्वे होती. शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि एक वर्षाचा अल्पकालीन अशा दोन अभ्यासक्रमांची आखणीही समितीने केली होती. चरखा आणि राउटर यांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु हाताने काम करता करता त्यामागचे शास्त्र समजावून देणारा शिक्षक आधी घडवावा लागतो, हा विचार दोन्हीकडे समान आहे.

जिल्ह्यातील उमेदवारासमोर भाषा हा पहिला प्रश्न असतो. अभ्यासक्रम, यंत्रावरील आज्ञा आणि परीक्षा इंग्रजीत असतात. वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते. अशा वर्गात राउटर, स्विच, पोर्ट, पासवर्ड हे रूढ शब्द तसेच ठेवून त्यांमागील कल्पना मराठीत उलगडणे सोयीचे ठरते. आयपी पत्ता समजावताना टपालाच्या पिनकोडचे उदाहरण देता येते. वर्धा शहराचा पिनकोड ४४२००१ आहे. त्यातील पहिले अंक विभाग सांगतात आणि शेवटचे अंक विशिष्ट टपाल कार्यालय दाखवतात. त्याचप्रमाणे आयपी पत्त्याचा आरंभीचा भाग जाळे आणि उरलेला भाग यंत्र दाखवतो. हे साम्य मर्यादित आहे, कारण पिनकोडमधील विभागणी ठरलेल्या अंकांवर होते, तर आयपी पत्त्यात ती उपसर्गाच्या लांबीनुसार सरकते. हा फरकही त्याच वेळी सांगणे आवश्यक असते.

दुसरा प्रश्न हवामानाचा आहे. वर्ध्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या अनेक स्विचची कार्यमर्यादा ४० ते ४५ अंशांपर्यंतच असते. बंद कपाटात ठेवलेला स्विच दुपारी थांबतो आणि संध्याकाळी पुन्हा सुरू होतो, अशा बिघाडाचे कारण मांडणीतील दोषात शोधून सापडत नाही. स्थानिक परिस्थिती जाणणारा प्रशिक्षक हवेशीर जागा, योग्य अर्थिंग आणि वीज खंडित झाल्यावर चालणारा पर्यायी पुरवठा हे विषय अभ्यासक्रमात थोडक्यात आले असले तरी विस्ताराने शिकवतो.

तिसरा प्रश्न संधीचा आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंचे जाळे नेणे हे आहे. शाळा, दवाखाने, बँका, पतसंस्था व बाजार समित्या यांचे दैनंदिन व्यवहारही जाळ्यावर अवलंबून आहेत. यातील प्रत्येक ठिकाणी बिघाड झाल्यावर नागपूरहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणे आणि तालुक्यातच जाणकार उपलब्ध असणे, यांतील अंतर स्थानिक प्रशिक्षकांच्या संख्येवर बरेचसे अवलंबून असते.

मर्यादा व आक्षेप

कंपनीप्रणीत प्रमाणपत्रांवर मुख्य आक्षेप असा की, त्यांत विद्यार्थी एकाच कंपनीच्या यंत्रांना सरावतो. मूलतत्त्वे सर्वत्र समान असली तरी आज्ञांची भाषा कंपनीनुसार बदलते. प्रशिक्षकाने आधी तत्त्व आणि नंतर आज्ञा असा क्रम ठेवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. दुसरा आक्षेप खर्चाविषयी आहे. परीक्षेचे शुल्क परकीय चलनावर आधारित असून ते ग्रामीण कुटुंबाला जड जाते, आणि नूतनीकरणाचा भार त्यात पुन्हा पडतो.

तिसरा आक्षेप पाठांतराचा आहे. प्रत्यक्ष परीक्षेतील प्रश्न चोरून विकण्याचा व्यवहार जगभर चालतो. त्यांचा वापर करणे कंपनीच्या नियमांचा भंग असून त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. अशा मार्गाने उत्तीर्ण झालेली व्यक्ती पुढे प्रशिक्षक झाल्यास तिचे अज्ञान एका व्यक्तीपुरते न राहता प्रत्येक तुकडीत उतरते. शिवाय ‘प्रमाणित’ हा शब्द जाहिरातींत सैलपणे वापरला जातो. म्हणून विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वी प्रशिक्षकाची मान्यता कोणत्या संस्थेची, कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि कोणत्या मुदतीची आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. कंपन्यांची बहुतेक प्रमाणपत्रे क्रमांकावरून किंवा अंकीय बिल्ल्यावरून त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. आयटीआयमधील शिल्पनिदेशकाचे प्रमाणपत्र राष्ट्रीय स्तरावर दिले जाते आणि तेही मूळ स्वरूपात पाहता येते.